माश्यांना कुणी सांगितलं?

माझा भाऊ सेप्टिमस चाळीस वर्षं सायकलवरून गावोगाव फिरून लोकांचे पियानो सुरात लावत असे. निवृत्त झाल्यावर त्याने लोकांच्या भानगडी सुरात लावायला घेतल्या. पियानोच्या दिवसांत निदान तो घराबाहेर तरी असायचा. आता सगळा कारभार माझ्या स्वयंपाकघरात चालतो. कुणाला निनावी पत्र आलं, कुणाचं लढाईतलं पदक गेलं, चर्चच्या कपाटातून मेणबत्त्या नाहीशा झाल्या, की माणसं मागच्या दाराने आत येतात, माझ्या खुर्चीत बसतात, माझा आल्याचा केक संपवतात आणि रडतात. सेप्टी टेबलावर नखाने टकटक करत ऐकत राहतो. त्या टकटकीने माझं डोकं उठतं, हे मी त्याला हजारदा सांगितलं आहे.

खोटं कोण बोलतंय हे तो शोधत नाही. त्याच्या मते खोटं सगळेच बोलतात, आणि आमच्या थॉर्नी कूम्बमध्ये तर लोक सभ्यता म्हणून बोलतात. सगळं वाजवून बघायचं आणि कुठली पट्टी किंचित उतरली आहे ते ऐकायचं, एवढंच त्याचं शास्त्र. पाच वर्षांत तो दोनदाच चुकला. दोन्ही वेळा मी आधीच सांगितलं होतं की तू चुकतोयस.

पण एनॉक पार्ड्यूच्या प्रकरणात मी गप्प होते, कारण मला काहीच कळत नव्हतं.

पार्ड्यू चौऱ्याहत्तर वर्षांचा, खोगिरं शिवणारा, एकटा माणूस. घर आमच्या गल्लीच्या टोकाला. मागच्या बागेत नऊ मधपेट्या. जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी सात वाजता त्याची घरकाम बघणारी नॅन थर्कल चहा घेऊन वर गेली, तर तो पलंगावर थंड पडलेला. ती तशीच डॉक्टर मॅडॉक्सकडे धावली. पाऊण तासाने डॉक्टर आणि कॉन्स्टेबल हॉब्डे तिच्याबरोबर आले. हॉब्डे सहज मागच्या बागेत डोकावला आणि जागीच थबकला. नऊच्या नऊ पेट्यांना काळ्या फिती बांधलेल्या होत्या.

आमच्याकडे घरातलं कुणी गेलं की मधमाश्यांना सांगावं लागतं. घराच्या किल्लीने प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकायचं, कोण गेलं ते सांगायचं, आता मालक कोण तेही सांगायचं, आणि पेटीला काळी फीत बांधायची. नाही सांगितलं तर माश्या रुसून निघून जातात, नाहीतर पेटीतच मरतात. आमचे पाद्री याला अडाणीपणा म्हणतात. त्यांची आई गेली तेव्हा ते स्वतः टोपी काढून पेट्यांपुढे उभे होते, मी पाहिलं आहे.

तर सांगणं झालं होतं. पण सांगितलं कुणी? नॅन म्हणाली, मी नाही. आणि घरात तर तिसरं माणूस नव्हतं.

शिवाय फिती दवाने चिंब भिजल्या होत्या. एका फितीपासून पेटीच्या पायापर्यंत कोळ्याने अख्खं जाळं विणलं होतं. हॉब्डे काही फार हुशार माणूस नाही, पण एवढं त्याच्याही लक्षात आलं. फिती सकाळच्या नव्हत्या, आदल्या संध्याकाळच्या होत्या. म्हणजे एनॉक पार्ड्यू जिवंत असताना, खालच्या खोलीत बसून चहा पीत असताना, कुणीतरी माश्यांना सांगून मोकळं झालं होतं की हा मेला.

मग तालुक्याहून इन्स्पेक्टर क्रेल आला. शहरात वाढलेला, इस्त्रीच्या कॉलरचा माणूस. त्याला झोपेच्या थेंबांची बाटली सापडली. सोमवारी आणलेली बाटली गुरुवारी जवळजवळ रिकामी होती. मॅडॉक्स म्हणाला, हृदय बंद पडलं हे खरं, पण एवढ्या थेंबांनी म्हाताऱ्या माणसाचं पडूही शकतं. थेंब रोज नॅन मोजून द्यायची. आणि शुक्रवार उजाडेपर्यंत गावभर झालं की पार्ड्यूने घर नॅनच्या नावावर करून ठेवलं होतं.

शुक्रवारी सकाळी नॅन आमच्या मागच्या दाराने आत आली. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. चर्चच्या गायनात ती खालच्या पट्टीत गाते. माझ्या खुर्चीत बसली, पण केकला हात लावला नाही. तेव्हाच मला काळजी वाटली.

"खाटकाने मला आज गुड मॉर्निंग म्हटलं नाही," ती म्हणाली. "मटण बांधून दिलं आणि पाठ फिरवली. तेवीस वर्षं जातेय मी त्याच्याकडे."

"तो मूर्ख आहे," मी म्हणाले.

"तो उद्याच्या ज्युरीत आहे, गार्लबाई."

उद्या म्हणजे शनिवारी अकरा वाजता शाळेत मृत्यूची चौकशी होती. ज्युरीत गावातलीच माणसं. त्यांनी नॅनचं नाव घेतलं की क्रेल तिला तिथूनच गाडीत बसवून तुरुंगात नेणार, आणि पुढे खटला. अशा खटल्याचा शेवट कुठे होतो ते त्या स्वयंपाकघरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. कुणी तो शब्द उच्चारला नाही.

"नॅन," सेप्टी म्हणाला, "बुधवारची संध्याकाळ सांग. जशी झाली तशी."

"सहाला मी गायनाच्या तालमीला गेले. साडेआठला परत आले. मालक खुर्चीत बसले होते. चेहरा उतरलेला वाटला म्हणून विचारलं, बरं आहे ना? म्हणाले, 'चहा कर.' केला. प्यायले. म्हणाले, 'चहा छान झालाय, नॅन,' आणि वर गेले."

"एवढंच?"

"ते कधी बोलायचेच नाहीत हो. 'चहा छान झालाय' म्हणजे त्यांचं भाषणच म्हणायचं. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे."

"थेंब?"

"मी नेहमीसारखे पाच मोजून दिले. बाटली त्यांच्याच टेबलावर असते. आधी किती घेतले मला काय माहीत? मी तालमीत ओरडत होते."

"आणि परत आल्यावर मागच्या बागेत गेली नाहीस?"

"मी?" नॅनचा आवाज चढला. "मी मागच्या बागेत?"

इथे मला हसू आलं, आणि हसल्याबद्दल लाजही वाटली. नॅन मधमाश्यांना इतकी घाबरते की तेवीस वर्षं तिने मागच्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. धुणं ती घरापुढे वाळत घालते, ऐन रस्त्यावर. मालकाच्या लांब विजारी आणि तिचे स्वतःचे जे काही कपडे असतील ते, सगळं चर्चला जाणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर. पाद्रीबाईंनी तिला दोनदा चिठ्ठी पाठवली होती. नॅनने उत्तर दिलं होतं की बाईसाहेबांनी खुशाल दुसरीकडे बघावं.

"इन्स्पेक्टरला सांगितलंस हे?" मी विचारलं.

"सांगितलं. तो म्हणाला, भीतीचं काय, सोंगही असू शकतं."

"तेवीस वर्षं?" माझा पारा चढला. "पाद्रीसमोर लेंगे वाळत घालून? असलं सोंग कोण करतं? डोकं फिरलंय का त्याचं?"

"विनी," सेप्टी म्हणाला, "चहा ओत."

नॅन गेल्यावर सेप्टी टेबलावर टकटक करत बसला. मी भांडी आपटत होते. मला नॅनचं फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी भांडी आपटते, तो माझा स्वभाव आहे. तेवढ्यात हॉब्डे आला. आमच्याकडे यायला क्रेलने त्याला बंदी केली होती, म्हणून तो सायकल कुंपणामागे लपवून आला.

"साहेबांनी खिशातल्या वस्तूंची यादी केलीय," तो केक खात म्हणाला. "तुम्हाला उपयोगाची नाही, पण आणलीय. पार्ड्यूच्या कोटाचे खिसे. एक रुमाल. पेपरमिंटच्या तीन गोळ्या. सुतळीचा तुकडा. चष्मा. पुढच्या दाराची किल्ली."

सेप्टीची टकटक थांबली.

"पुन्हा वाच."

"रुमाल, पेपरमिंट, सुतळी, चष्मा, किल्ली."

"हॉब्डे, तुझ्या घराची किल्ली कुठे असते?"

"खिळ्याला. दाराशेजारी."

"तुझ्या वडिलांनी दार कधी कुलूपबंद केलं होतं?"

"मला नाही आठवत. कशाला करतील? आत येणार कोण?" हॉब्डे हसला, आणि मग हसता हसता त्याचा घास तोंडातच राहिला. "अरे देवा," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता, म्हणून मी चिडले. "जरा मलाही सांगा की! माझाच केक खाताय."

"विनी, क्रेल शहरातला. शहरात माणसाच्या खिशात घराची किल्ली असणारच, म्हणून त्याने ती लिहिली आणि पुढे गेला. पण थॉर्नी कूम्बमध्ये किल्ली खिळ्यावरून कधी उतरते? माणूस गावाला गेला तरी नाही. फक्त एकाच कामाला उतरते."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "माश्यांना सांगायला."

"आणि ती सापडली कुणाच्या खिशात?"

नऊ पेट्यांपुढे एकेक करून उभा राहून स्वतःच्याच मरणाची बातमी देणारा एनॉक पार्ड्यू माझ्या डोळ्यांपुढे आला. आणि का नाही देणार? बायको नाही, मूल नाही, भाचा-पुतण्या नाही. नॅन पेट्यांजवळ जाणार नाही. तो गेल्यावर माश्यांना सांगायला होतं कोण?

"म्हणजे त्याला कळलं होतं," हॉब्डे म्हणाला. "पण मग... सेप्टिमससाहेब, स्वतःच थेंब घेतले म्हणायचं का? आत्महत्या?"

"माहीत नाही. आणि क्रेल म्हणेल, किल्ली नॅननेच खिशात टाकली. एका किल्लीवर ज्युरी हलणार नाही. बुधवारी संध्याकाळी त्याला पेट्यांशी बोलताना कुणीतरी ऐकलं पाहिजे." सेप्टीने माझ्याकडे पाहिलं. "त्या बागेला लागून एकच बाग आहे."

"नाही," मी म्हणाले.

"विनी."

"मी त्या बाईच्या दारात पाऊल टाकणार नाही. हॉब्डेला पाठव."

"मी विचारलं होतं हो," हॉब्डे म्हणाला. "कुणी अनोळखी माणूस दिसला का म्हणून. 'नाही' म्हणाल्या आणि दार लावलं."

त्या बाई म्हणजे लव्हिनिया स्ट्राउड. अकरा वर्षांपूर्वी सुगीच्या सणाला चर्च सजवताना तिने माझी डेलियाची फुलं उचलून खांबामागे ठेवली आणि तिथे आपला दुधी भोपळा मांडला. मी बोलले, ती बोलली, आणि त्यानंतर आम्ही एकमेकींशी एक अक्षरही बोललो नाही. अकरा वर्षं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून प्रार्थना म्हटल्या.

"मला ती काही सांगणार नाही," सेप्टी म्हणाला. "पुरुषाशी ती हवापाण्यापलीकडे बोलत नाही. पोलिसाला तर नाहीच. पण तुझ्याशी तिला भांडायचं आहे, विनी. अकरा वर्षं तिच्या पोटात साठलंय. भांडताना माणूस खरं बोलतो."

मी हॅट घातली. नॅनसाठी घातली, त्याच्यासाठी नव्हे.

लव्हिनिया स्ट्राउडने दार उघडलं आणि मी मनात जुळवलेलं सगळं विसरले. ती चार दिवस आजारी असल्यासारखी दिसत होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. ही बाई शेणखत टाकायला जाताना मोत्यांची माळ घालते, आणि आज तिच्या झग्याचं वरचं बटण उघडं होतं.

"डेलियाबद्दल आला असाल तर मला वेळ नाही," ती म्हणाली.

"भोपळाही काही एवढा मोठा नव्हता," मी म्हणाले. "पण मी त्यासाठी नाही आले. बुधवारी संध्याकाळी तुम्ही बागेत होता?"

"मी कुंपणावरून लोकांचं बोलणं ऐकत नाही."

"म्हणजे बोलणं होतं."

ती दार लावायला गेली. मी माझा पाय मध्ये घातला. आयुष्यात मी असं कधी केलं नव्हतं, आणि फार दुखतं.

"लव्हिनिया," मी म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव तोंडातून निघालं. "उद्या नॅनला घेऊन जातील. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात तर ती बाई मरेल, आणि पुढच्या रविवारी आपण दोघी त्याच बाकावर बसू. तुम्हाला बसवेल? मला नाही बसवणार."

ती तिथेच दारात रडायला लागली. मला काय करावं ते समजेना. आमच्याकडे कुणी रडायला लागलं की किटली चढवतात, पण किटली तिची होती आणि मी पायरीवर. शेवटी तीच म्हणाली, "आत या, पाय काढा आधी."

तिने जे सांगितलं ते असं. बुधवारी सातच्या सुमारास ती वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावत होती. कुंपणापलीकडे ठक, ठक, ठक असा आवाज झाला. मग पार्ड्यूचा आवाज. तो माश्यांशी नेहमीच बोलायचा, हवा, फुलं, राजकारण काहीही, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. मग तो म्हणाला, मी निघालो.

"आधी मला वाटलं कुठे गावाला निघालाय. मग म्हणाला, थेंब भरपूर घेतलेत. वेनिंग म्हणाला होता तसंच झालं. आता तुमचा निरोप घेतो." तिने रुमाल पिळला. "मी तशीच आत पळाले नाही. पळायला हवं होतं. सगळं ऐकलं. नऊ पेट्या, नऊ वेळा. तरी त्याचं नेहमीचंच बोलणं म्हणून सोडून दिलं, आणि सकाळी तो गेल्याचं कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू?" ती माझ्यावर खेकसली. "की एनॉक पार्ड्यूने जीव दिला? कुणा वेनिंगने त्याला कशात तरी अडकवलं आणि त्याने बाटली संपवली? पाद्रींनी त्याला चर्चच्या भिंतीबाहेर पुरलं असतं, एक प्रार्थना न म्हणता! चांगला शेजारी होता तो. तीस वर्षं दर सप्टेंबरला माझ्या पायरीवर मधाची बरणी ठेवून गेला आणि एकदाही बेल वाजवली नाही. त्याची मातीसुद्धा मी घाण करू? आणि नॅनचं म्हणाल तर, मला वाटलं ती निर्दोष आहे तर सुटेलच. माणसं सुटतात ना? मग काल खाटिक काय बोलला ते ऐकलं. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि त्याचंच मला जास्त भय वाटलं.

घरी येऊन मी सेप्टीला शब्दन् शब्द सांगितला. 'वेनिंग' म्हटल्याबरोबर त्याने हात वर केला.

"वेनिंग? शहरातला? टेकडीवर घर, काळा मोठा पियानो, खालची एक तार दर हिवाळ्यात उतरते?"

"मला काय विचारतोस?"

"वीस वर्षं लावलाय मी तो पियानो. विनी, तो कुणाला अडकवणारा माणूस नाही. तो हृदयाचा डॉक्टर आहे." तो उठून येरझारा घालू लागला. "पार्ड्यू तीन मंगळवार शहरात गेला होता ना, रविवारची हॅट घालून? पेट्यांची लाकडं बघायला म्हणून?"

"मॅडॉक्सकडे का नाही गेला?"

"मॅडॉक्सच्या बायकोला सांगितलं की नॅनला संध्याकाळच्या आत कळलं असतं."

सेप्टी पोस्टात जाऊन टेलिफोनवर बोलला. पोस्टवाल्या बाईने सगळं ऐकलं, म्हणजे ते गावाला माझ्याआधी कळलं. वेनिंगने पार्ड्यूला आठवडाभरापूर्वी साफ सांगितलं होतं की हृदय थकलंय, उपाय नाही. दुखणं छातीतून हातात उतरलं की त्या रात्रीपलीकडे धरू नका. त्रास झाला तर झोपेचे थेंब हवे तेवढे घ्या, त्याने आता काही बिघडायचं नाही आणि काही लवकरही व्हायचं नाही. उद्या अकराला मी स्वतः येतो, असं म्हणाला तो भला माणूस.

शनिवारी शाळेत उभं राहायला जागा नव्हती. नॅन पुढच्या बाकावर एकटी बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मी जाऊन एकीवर बसले. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. वेनिंगबद्दल तिच्या कानावर आलं होतं, पण गाव काय काय बोलतं यावर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि लव्हिनिया काय सांगणार हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी वेनिंग बोलला. मग चौकशी चालवणाऱ्या कॉरोनरने लव्हिनिया स्ट्राउडला बोलावलं. मोत्यांची माळ घालून ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी लोकांचं बोलणं ऐकत नसते. पण हे ऐकलं."

"शब्द आठवतात तुम्हाला?"

"नऊ वेळा ऐकले, साहेब." तिने डोळे मिटले. "तो म्हणाला, 'मंडळी, मी निघालो. वेनिंग म्हणाला होता तसंच झालं, दुखणं हातात उतरलंय. थेंब भरपूर घेतलेत, उतार नाही. आता तुमची मालकीण नॅन. ती तुम्हाला फार घाबरते, तेव्हा तिला सांभाळून घ्या. तिच्यासारखं माणूस मला मिळालं नसतं. तिला मी कधी बोललो नाही. तुम्हाला सांगून ठेवतो.'"

खाटिक आपल्या बुटांकडे बघत होता. क्रेलने वही मिटली. ज्युरी बाहेरही गेली नाही, जागच्या जागीच म्हणाली की मृत्यू नैसर्गिक आहे. मग बाकं सरकली आणि जी माणसं काल नॅनला ओळख दाखवत नव्हती तीच हात पुढे करून रांगेत उभी राहिली. पाद्री म्हणाले की दफन मंगळवारी, चर्चच्या आतल्या आवारात, घंटेसकट. माझ्या जिवात जीव आला. सेप्टी मागच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटला.

नॅन मात्र उठली नाही. पांढरीफटक पडली होती.

"माश्यांना सांगितलं," ती हळू म्हणाली. कुणीतरी तिचा हात हलवत होतं, तिला ते कळतही नव्हतं. "माश्यांना."

"नॅन, सुटलीस तू," मी म्हणाले.

ती ताडकन उठली आणि माणसांना ढकलत बाहेर पडली. मी मागोमाग धावले. माझ्या वयाच्या बाईने धावणं बरं दिसत नाही, पण तिची चालच तशी होती. घराला वळसा घालून, परसातलं फाटक ढकलून ती थेट मागच्या बागेत शिरली. मी फाटकाशीच थांबले. दुपारच्या उन्हात माश्यांची ये-जा नुसती दाटली होती, आणि नॅन नऊ पेट्यांच्या मधोमध चौकशीची काळी हॅट घालून उभी.

"तुम्हाला माहीत होतं!" ती ओरडली. "तुम्हा सगळ्यांना माहीत होतं! मी चहा करत होते आणि तुम्हाला माहीत होतं! तुम्ही काय करणार होता ऐकून? तुमच्याच्याने काय झालं असतं? मी बसले असते ना. रात्रभर बसले असते त्याच्याजवळ. एक भिंत होती मध्ये, एक भिंत! हाक मारायला काय झालं होतं, एनॉक?"

तेवीस वर्षांत तिच्या तोंडून त्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. माश्या आपल्या कामात होत्या. एक तिच्या बाहीवर बसली, चालली, उडून गेली. नॅनच्या ते लक्षातच आलं नाही.

मी जवळ गेले. मलाही माश्यांची भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिचा हात हातात घेतला, तो गार पडला होता.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "मी त्याच्यावर ओरडतेय," ती म्हणाली. "पण गार्लबाई, तेवीस वर्षं मीही त्याला काही बोलले नाही. आणि मी तर माश्यांनाही नाही सांगितलं."